वाघाची खानेसुमारी

वैशाखी पौर्णिमेच्या रात्री विदर्भातील अभयारण्यांत पाणवठ्याशेजारच्या मचाणांवर माणसे बसतात आणि चांदण्याच्या उजेडात पाण्यावर येईल त्या प्राण्याची नोंद कागदावर करीत राहतात, ही प्रथा आपल्याकडे इतकी रुळली आहे की तिला आता एखाद्या व्रताचे रूप आले आहे. पूर्वी तिला प्राणिगणना म्हणत. अलीकडे वनखाते तिला ‘निसर्गानुभव’ म्हणते, आणि हा नावातील बदल प्रामाणिकपणाचा आहे असे मी मानतो. कारण रात्री दहा वाजता पाणी पिऊन गेलेले अस्वल पहाटे तीन वाजता पुन्हा आले तर ते एक धरावे की दोन, या प्रश्नाला मचाणावर उत्तर नसते. मोजणीचे खरे काम आता त्याच रानातील सागाच्या बुंध्याला गुडघाभर उंचीवर बांधलेल्या, विटेहून फारशा मोठ्या नसलेल्या एका पेटीकडे गेले आहे. तिच्यासमोरून उष्ण रक्ताचा जीव गेला की ती आपण होऊन चित्र टिपते, तारीख आणि वेळ त्याच्या तळाशी उमटवते आणि पुन्हा गप्प बसते. वनरक्षकापासून वर्तमानपत्रापर्यंत सगळे तिला ‘ट्रॅप कॅमेरा’ म्हणतात. ट्रॅप म्हणजे सापळा. आणि हे नाव कोणी अलंकार म्हणून दिलेले नसून ते या यंत्राचे अस्सल कुलनाम आहे, हे त्याचा इतिहास पाहिला म्हणजे ध्यानात येते.

सापळ्याची विद्या आपल्याला परकी नाही. फासेपारधी या समाजाचे नावच मुळी फासावरून पडले आहे. फास लावणाऱ्याचे कसब दोरीच्या गाठीत थोडे आणि जागेच्या निवडीत फार असते: हरणाची वहिवाट कोणती, दोन झुडपांमधल्या कोणत्या फटीतून ससा निघतो, ओढ्याच्या कोणत्या काठाने रानडुकराचा कळप उतरतो, हे ज्याने आधी ओळखले त्याचाच फास फळतो, बाकीच्यांचा वाऱ्यावर हलत राहतो. इंग्रजी अमलाने या लोकांना गुन्हेगार जमातींच्या यादीत घातले आणि १९५२ साली त्या यादीतून त्यांची सुटका झाली. परंतु त्यांच्यापाशी असलेले मागाचे ज्ञान हे ज्ञान आहे, हे मानावयास आपल्या विद्वानांना त्याहूनही अधिक वेळ लागला. ज्या पेटीची हकिगत मी सांगणार आहे ती याच ज्ञानावर उभी आहे, आणि पुढे तिच्या किमतीचा प्रश्न येईल तेव्हाही ही गोष्ट मला पुन्हा आठवावी लागणार आहे.

प्राण्याने स्वतःच स्वतःचे चित्र काढावे ही कल्पना प्रथम रानात नव्हे, शर्यतीच्या मैदानात अमलात आली. १८७८ साली कॅलिफोर्नियात एडवर्ड मायब्रिज या छायाचित्रकाराने घोड्याच्या वाटेवर आडवे दोरे ताणले. धावणाऱ्या घोड्याने ते एकामागून एक तोडले आणि प्रत्येक दोऱ्याबरोबर एकेका कॅमेऱ्याची झडप पडली. परंतु तो घोडा पाळीव, उजेड दिवसाचा आणि वाट आखलेली होती. रात्रीच्या अंधारात, मनुष्याचा वास येताच नाहीशा होणाऱ्या जनावराला त्याच युक्तीने गाठावयाचे तर त्याला शिकारीच पाहिजे होता. आणि तो मिशिगनच्या उत्तरेकडील सरोवरांच्या मुलखात घडला.

जॉर्ज शायरस तिसरा हा पेनसिल्व्हेनियातील एका प्रतिष्ठित घराण्यातला. पुढे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती झालेले गृहस्थ त्याचे वडील. तो स्वतः वकील, आणि १९०३ ते १९०५ या काळात अमेरिकन काँग्रेसचा सभासद. लहानपणापासून तो लेक सुपीरियरच्या काठी मार्केट नावाच्या गावाजवळच्या व्हाइटफिश सरोवरावर शिकारीस जात असे. तेथील ओजिब्वे लोकांची शिकारीची एक जुनी रीत होती. होडीच्या नाळेवर तव्यात जाळ करावयाचा, आपण त्याच्या सावलीत बसावयाचे आणि काठावर आलेल्या हरणाचे डोळे त्या उजेडात चमकले की नेम धरावयाचा. शायरसने ती रीत जशीच्या तशी उचलली, जाळाच्या जागी मॅग्नेशियमच्या भुकटीचा भडका ठेवला, आणि बंदुकीच्या जागी कॅमेरा. पुढे तर त्याने होडीत बसणेही सोडले: प्राण्याच्या वाटेवर तार ताणावी, तारेचे दुसरे टोक झडपेला आणि भुकटीला जोडावे आणि आपण तळावर जाऊन झोपावे. रात्री हरणाने तार ओढली की रानात क्षणभर वीज पडल्यासारखा प्रकाश होई, आणि त्या प्रकाशात ते हरीण कायमचे उभे राही. फासाची तार तीच. मात्र तिच्या शेवटी मृत्यू नव्हता.

‘नॅशनल जिऑग्राफिक’ या मासिकाने १९०६ च्या जुलै महिन्यात त्याची चौऱ्याहत्तर छायाचित्रे एकाच अंकात छापली, तेव्हा संस्थेच्या व्यवस्थापक मंडळातील दोन सभासदांनी, विद्वानांचे नियतकालिक चित्रांचे पुस्तक होऊ लागले म्हणून, राजीनामे दिले. त्या दोघांचे नाव आज कोणी काढीत नाही. उलट त्या वेळचा अमेरिकेचा अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट, जो स्वतः नामांकित शिकारी होता, त्याने शायरसला पत्र लिहून हे सर्व ग्रंथरूपाने प्रसिद्ध करण्याचा आग्रह धरला. ग्रंथ यावयास १९३५ साल उजाडले, ही गोष्ट वेगळी. शायरसच्याच काळात जर्मन शिकारी शिलिंग्स पूर्व आफ्रिकेत भडक्याच्या उजेडात रात्रीचे प्राणी टिपीत होता. या विद्येचे हे आरंभीचे आचार्य पाहिले तर ते बंदुकीकडून कॅमेऱ्याकडे आलेले दिसतात. आणि जनावराच्या सवयींचा जो अभ्यास त्यांनी मारण्यासाठी केला होता, तोच त्यांना पाहण्यासाठी उपयोगी पडला.

हिंदुस्थानात ही विद्या आणली ती फ्रेडरिक वॉल्टर चॅम्पियन या वनाधिकाऱ्याने. त्याचा भाऊ हॅरी चॅम्पियन याने केलेले भारतीय वनांचे वर्गीकरण आपल्याकडील प्रत्येक वनाधिकारी आजही शिकतो. फ्रेडरिकचे नाव तितके प्रसिद्ध झाले नाही, पण माझ्या मते वाघावर त्याचे उपकार अधिक. संयुक्त प्रांतातील शिवालिकच्या पायथ्याच्या साल वनांत नोकरी करीत असता, ज्या काळी त्याच्या दर्जाच्या साहेबाने वाघ न मारणे हेच नवल होते, त्या काळी त्याने वाघ मारण्याचे नाकारले आणि वाघाच्या वाटेवर तार ताणली. त्याची चित्रे १९२५ साली ‘इलस्ट्रेटेड लंडन न्यूज’मध्ये झळकली आणि १९२७ साली त्याचा ग्रंथ निघाला. जिम कॉर्बेट हा त्याचा मित्र. बंदूक खाली ठेवून कॅमेरा हाती घेण्याची प्रेरणा कॉर्बेटने चॅम्पियनपासूनच घेतली. चॅम्पियनने आपली चित्रे शेजारी शेजारी मांडली तेव्हा त्याच्या ध्यानात आले की एका वाघाचे पट्टे दुसऱ्याशी जुळत नाहीत. मनुष्याच्या बोटांच्या ठशाप्रमाणे प्रत्येक वाघ आपला दाखला अंगावरच घेऊन फिरतो. या एका निरीक्षणात पुढची सगळी खानेसुमारी बीजरूपाने होती. पण ते बीज सुमारे साठ वर्षे तसेच पडून राहिले.

मध्यंतरी देशाने वाघ मोजावयाचा निराळाच मार्ग धरला. ओरिसातील वनाधिकारी सरोज राज चौधुरी यांनी १९६६ च्या सुमारास पाऊलठशांवरून वाघ ओळखण्याची पद्धत बसविली. खैरी नावाची वाघीण घरात वाढविणारे ते हेच. मातीतील ठशावर काच ठेवावयाची, तिच्यावर आकृती उतरून घ्यावयाची आणि अशा आकृतींच्या तुलनेवरून वाघांची संख्या ठरवावयाची. १९७२ साली देशभर मोजणी झाली तेव्हा आकडा १,८२७ निघाला. त्याच साली वन्यजीव संरक्षण कायदा झाला, आणि १ एप्रिल १९७३ रोजी व्याघ्र प्रकल्प सुरू झाला, त्यात पहिल्या नऊ क्षेत्रांत आपला मेळघाट होता. कडाक्याच्या थंडीत पहाटे काच घेऊन फिरणाऱ्या वनरक्षकांच्या कष्टांविषयी माझ्या मनात आदरच आहे. दोष पद्धतीत होता. ओल्या मातीत आणि कोरड्या धुळीत एकाच पंजाचा ठसा दोन आकारांचा पडतो, आणि ठसा ओळखणाराच संख्याही ठरवीत असल्यामुळे दप्तरातील वाघ वाढत राहिले, मग रानातले कमी झाले तरी. राजस्थानातील सरिस्का येथे कागदावर वाघ असताना रानात एकही उरला नव्हता, हे २००५ साली उघड झाले, तेव्हा सरकारला सुनीता नारायण यांच्या अध्यक्षतेखाली कृतिदल नेमावे लागले. जुन्या पद्धतीचा शेवटचा देशव्यापी आकडा ३,६४२ होता. कॅमेऱ्यांवर आधारलेल्या नव्या पद्धतीचा २००६ चा पहिला आकडा १,४११ आला. या दोन आकड्यांमधील अंतर हे आपल्या वनव्यवस्थेच्या इतिहासातील सर्वांत खिन्न करणारे पान आहे.

ही नवी पद्धत ज्यांनी सिद्ध करून दाखविली ते उल्हास कारंत कन्नड साहित्यातील थोर लेखक शिवराम कारंत यांचे पुत्र आणि शिक्षणाने अभियंते. कर्नाटकातील नागरहोळे येथे त्यांनी वाघांच्या वाटांवर समोरासमोर कॅमेऱ्यांच्या जोड्या लावल्या, कारण वाघाच्या डाव्या आणि उजव्या कुशीवरचे पट्टे एकसारखे नसतात. आणि १९९५ साली आपला निबंध प्रसिद्ध केला. त्यातील गणित मुळात अवघड नाही. पहिल्या फेरीत वीस वाघ टिपले. दुसऱ्या फेरीत पंधरा टिपले, त्यांत दहा आधीच ओळखीचे निघाले. म्हणजे दुसऱ्या फेरीतील दोन तृतीयांश वाघ जर पहिल्या यादीत सापडतात, तर पहिल्या यादीतील वीस हे एकंदर वाघांच्याही दोन तृतीयांश असले पाहिजेत, आणि एकंदर संख्या तीस. हीच युक्ती डेन्मार्कमध्ये मासे मोजण्यासाठी वापरली गेली होती, आणि तिच्याशी नाते सांगणारा हिशेब लाप्लास या गणितज्ञाने १८०२ साली फ्रान्सची लोकसंख्या काढण्यासाठी केला होता. माणसांच्या खानेसुमारीसाठी योजलेले गणित असे फिरत फिरत वाघापर्यंत आले. न दिसलेल्यांचाही अंदाज बांधते आणि तो किती चुकू शकेल हेही सांगते, म्हणून मी या गणिताला सत्यनिष्ठ म्हणतो. पाऊलठशांच्या मोजणीने आपली चूक कधीच सांगितली नव्हती.

२०१८ च्या देशव्यापी गणनेत २६,८३८ ठिकाणी कॅमेरे लागले, त्यांनी ३,४८,५८,६२३ चित्रे टिपली आणि त्यांतील ७६,६५१ चित्रे वाघांची होती. त्यांतून २,४६१ वाघ एकेक करून, पट्ट्यांवरून, ओळखले गेले. महाराष्ट्राच्या वाट्याला २००६ साली १०३ वाघ होते, २०१८ साली ३१२ आणि २०२२ साली ४४४.

इतके कॅमेरे लावता येणे हे त्यांच्या स्वस्ताईशिवाय घडले नसते, आणि ती स्वस्ताई शास्त्रज्ञांमुळे आलेली नाही, हे कृतज्ञतेने सांगितले पाहिजे. ती अमेरिकेतील हरणांच्या शिकाऱ्यांमुळे आली. तेथे हंगामात परवाना काढून शिकार करणे कायदेशीर आहे, आणि आपल्या रानातील मोठ्या शिंगांचा नर कोणत्या वाटेने, किती वाजता जातो हे जाणण्याची हौस लक्षावधी लोकांना. प्रथम ते वाटेवर दोरा ताणून त्याला घड्याळ जोडीत. दोरा तुटला की घड्याळ थांबे आणि वेळ तेवढी कळे. पुढे अवरक्त किरणांचा अदृश्य पट्टा आडवा टाकणारी यंत्रे आली, आणि शायरसची तार गेली. शास्त्रज्ञांनी पहिली वर्षे हीच शिकाऱ्यांसाठी केलेली यंत्रे वापरली. त्यांत छत्तीस चित्रांचे फिल्मचे रीळ असे. वाऱ्याने एखादी फांदी हलत राहिली की एका दुपारीच ते संपे. डिजिटल कॅमेरा आला आणि चित्राची किंमत जवळजवळ शून्य झाली. आज शेतकऱ्याला किंवा निसर्गप्रेमी विद्यार्थ्याला काही हजार रुपयांत अशी पेटी मिळू शकते.

येथे निवडीचा प्रश्न उभा राहतो. मी स्वतः काही वर्षांपूर्वी केवळ मेगापिक्सेलचा मोठा आकडा पाहून एक स्वस्त पेटी घेतली आणि एका स्नेह्यांच्या विदर्भातील मळ्यात, विहिरीच्या वाटेवर, भर मे महिन्यात बांधली. आठ दिवसांनी पाहतो तो तापलेल्या, हलणाऱ्या गवताची शेकडो चित्रे. आणि धुळीत ज्याची पावले स्पष्ट उमटली होती त्या कोल्ह्याचे एकही नाही. कारण पुढे समजले. या पेटीचा संवेदक प्राणी पाहत नाही; प्राण्याच्या अंगाची उष्णता आणि मागच्या जमिनीची उष्णता यांतील फरक तो पाहतो. नागपूर-चंद्रपूरकडच्या उन्हाळ्यात जमीनच प्राण्याइतकी तापते, मग त्याला प्राणी दिसणार कसा? थंड देशांतील शिकाऱ्यांसाठी घडलेल्या यंत्राचा हा दोष आपल्याकडे अधिक जाणवतो, आणि जाहिरातीत तो कोणी सांगत नाही. मेगापिक्सेलचा आकडाही बहुधा फुगवलेला असतो: आतील संवेदक लहानच, पण मधले बिंदू गणिताने भरून चित्र मोठे केलेले. त्यापेक्षा प्राणी आल्यापासून झडप पडेपर्यंत किती वेळ जातो ते विचारावे, कारण तेथे एका सेकंदाची दिरंगाई झाली तर हाती केवळ शेपूट लागते.

उजेडाचा प्रश्न मात्र हौसेनुसार सुटतो. शिकाऱ्याला हरीण बुजावयास नको म्हणून त्याने अदृश्य प्रकाश मागितला. ८५० नॅनोमीटरच्या दिव्यांचा झोत दूर पोचतो पण अंधारात लाल ठिपका दिसतो, ९४० चे दिवे दिसत नाहीत पण त्यांचा पल्ला तोकडा. बांधावर कोण येते एवढेच पाहावयाचे असेल तर दुसरे बरे, कारण तो लाल ठिपका चोरालाही दिसतो. परंतु वाघाचे पट्टे मोजावयाचे तर चालत्या जनावरावर अवरक्त उजेडात चित्र पुसट येते, म्हणून गणनेसाठी शायरसच्या वारशातला पांढरा भडकाच आजही पसंत केला जातो. विजेच्या घटांत कंजुषी करू नये. रात्री दिवे पेटविण्याइतका जोर घटांत उरला नाही की पेटी दिवसा उत्तम चालते आणि रात्री आंधळी होते, आणि आपले बहुतेक पाहुणे रात्रीचेच. एवढे सांभाळले म्हणजे महागडी आणि साधी पेटी यांतील उरलेले अंतर जागेच्या निवडीने भरून निघते. पेटी वाटेच्या समोर नव्हे तर वाटेला आडवी धरावी, म्हणजे प्राणी संवेदकाच्या एका कप्प्यातून दुसऱ्यात जाईल. उगवत्या-मावळत्या सूर्याकडे तिचे तोंड करू नये. आणि वाट कोणती हे ज्याला कळते त्याला, मग तो गुराखी असो की पारधी, आधी विचारावे. दोन हजार रुपयांची भर घालून जे मिळत नाही ते अशा माणसाबरोबरच्या एका सकाळच्या फेरीत मिळते.

अशा पेट्यांनी आपल्याच मुलखाविषयी आपली किती गैरसमजूत होती हे दाखविले त्याचे उदाहरण अहिल्यानगर जिल्ह्यातील अकोले तालुक्याचे. बिबट्या हा जंगलातला, आणि गावात दिसला तो वाट चुकून आलेला, म्हणून त्याला पिंजऱ्यात धरून दूर सोडावा, असा सरकारी आणि लौकिक समज होता. जुन्नरकडे असे धरून सोडलेले बिबटे जेथे नेले तेथील त्रास वाढलाच. वन्यजीव-संशोधक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अकोल्याच्या उसाच्या शेतांत, दाट वस्तीच्या खोऱ्यात कॅमेरे लावले, तेव्हा दर १०० चौरस किलोमीटरला सुमारे पाच बिबटे आणि तितकीच तरसे तेथे पिढ्यान्‌पिढ्या राहत असल्यासारखी निवांत फिरताना दिसली. ते पाहुणे नव्हते, रहिवासी होते. गावकऱ्यांना हे अर्धवट ठाऊक होतेच; पण सरकारदरबारी तोंडी जबानीपेक्षा चित्राचा दाखला चालतो.

आता ज्या देशात ही पेटी वाढली, तेथेच तिच्याविरुद्ध हुकूम निघू लागले आहेत. ॲरिझोना हे कोरडे राज्य. तेथे एकेका पाणवठ्याभोवती शिकाऱ्यांनी कॅमेऱ्यांची रांग लावली, त्यांतील काही चित्र तत्काळ खिशातल्या फोनवर पाठविणारे, आणि मग जनावराला पळण्याची न्याय्य संधी राहते कोठे, असा प्रश्न शिकाऱ्यांनीच विचारला. रूझवेल्टने १८८७ साली स्थापिलेल्या बून अँड क्रॉकेट क्लबाने शिकारीची जी नीती घालून दिली होती तिचाच आधार या प्रश्नाला होता. १ जानेवारी २०२२ पासून त्या राज्यात शिकारीसाठी असे कॅमेरे वापरण्यास बंदी झाली. त्या निर्णयाविषयी मला मनापासून आदर वाटतो.

आपल्याकडे शिकारीलाच कायद्याची बंदी आहे, पण चोरटी शिकार आहे, आणि वाघ कोठे येतो हे सांगणारे चित्र चुकीच्या हाती पडले तर ते फासाचेच काम करील. म्हणून ज्यांनी अशी पेटी घेतली आहे किंवा घेण्याचे मनात आहे त्यांना विनंती एवढीच. राखीव वनात परवानगीवाचून ती लावू नका. आपल्या बांधावर लावा, घड्याळ आणि तारीख आधी जुळवा, आणि कधी पट्ट्यांचे जनावर त्यात आले तर ते चित्र वनपरिक्षेत्र कार्यालयात नेऊन द्या. जागा मात्र दुसऱ्या कोणालाही सांगू नका.